‘निवांत’चा इतिहास

“चांगुणा, उद्या मासवडी कर, आणि जेवताना पाहुण्यांना घराचा इतिहास सांग,” भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. “जुन्या माणसाच्या तोंडून ऐकलं की लोकांना खरं वाटतं.”

मी खुरासणी भाजत होते. कढईवरची नजर न काढता विचारलं, “कुठपासून सांगू?”

“पहिल्यापासून सांग. धरणावरचा तो इंग्रज इंजिनिअर, त्याची मडम, व्हरांड्यात शिरलेला वाघ. मग मी घर घेतलं ते. नंतरचं फार लांबवू नकोस.”

“बरं,” मी म्हणाले.

मग मीच विचारलं की पाहुणे चार, वर तुम्ही, भाकऱ्या गरम गरम वाढायच्या म्हणजे दोन हात पुरायचे नाहीत, येसूला मदतीला बोलावू का? भाऊसाहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. येसू म्हणजे माझा धाकटा भाऊ लहानू, त्याची बायको. लहानू जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि येसूनं ‘निवांत’च्या फाटकात त्या आधीपासूनच पाऊल टाकलेलं नव्हतं. पण भाऊसाहेबांचं डोकं दुसऱ्या दिवशीच्या जेवणात होतं. बोलाव म्हणाले, आणि गेले.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची, मार्गशीर्षातली. ‘निवांत’ म्हणजे आमच्या उंबरदऱ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेलं गेस्ट हाऊस. काळ्या दगडाचं, कौलारू, पुढे लांबलचक व्हरांडा. साहेबाच्या काळात धरण बांधायला आलेल्या इंजिनिअरसाठी ते बांधलं. तो गेल्यावर बरीच वर्षं तिथे वटवाघळं राहिली. मग मनोहर खटावकर नावाचे नाशिकचे एक गृहस्थ आले, त्यांनी ते घेतलं, कौलं शेकारली, सहा खोल्या काढल्या आणि फाटकावर नाव लावलं. तेच आमचे भाऊसाहेब. आमच्या गावात पाहुणे यायला लागले ते त्यांच्यामुळे, हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही.

मी तिथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, परत बापाच्या घरी आलेली. सत्तावीस वर्षं मी तिथल्या चुलीपुढे बसले. मागच्या बाजूची एक खोली मला राहायला दिली होती. माझ्या मासवडीसाठी लोक पुण्यामुंबईहून यायचे, जाताना अभिप्रायाच्या वहीत माझं नाव लिहायचे. भाऊसाहेब मला चार लोकांत चांगुणाबाई म्हणायचे आणि एरवी चांगुणा.

आता त्यांना घर विकायचं होतं. त्यांच्या बाई वारल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते. मुलगी बंगळूरला, ती बोलवत होती. त्यांनी माझ्यासमोर बसून तिला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं. एकदा हे विकलं की मी मोकळा झालो, म्हणाले. मागे वळून बघायचं नाही.

मोकळा झालो. तो शब्द मी त्या दिवशी भांडी घासताना बराच वेळ चघळत होते.

संध्याकाळी येसूच्या घरी गेले. ती शेळ्या बांधत होती. म्हटलं, उद्या माझ्याबरोबर वर ये, भाकऱ्या थापायला. ती म्हणाली, “वन्सं, मला त्या घराचं पाणीसुद्धा नको. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. एकदाच ये. माझ्यासाठी ये.”

तिनं माझ्यासाठी म्हणून आजवर कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. मला ताप आला तर ती उशाशी बसायची. माझी लुगडी धुवायची. दिवाळीला तिची पोर पहिला लाडू मला आणून द्यायची. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. पुण्याचे सबनीस नवराबायको, आणि त्यांच्याबरोबर काम करणारी दोन तरुण माणसं. बाईच पुढे होऊन सगळं बघत होत्या. मेधाबाई त्यांचं नाव. पन्नाशीच्या, साध्या, पायात कापडी बूट. दारं वाजवून बघत होत्या, मोरीत पाणी ओतून बघत होत्या. मला त्या आवडल्या. त्यांनी स्वयंपाकघरात येऊन माझी आणि येसूची चौकशी केली, किती वर्षं आहात विचारलं. भाऊसाहेब त्यांच्या मागे उभे होते. हसून म्हणाले, “चांगुणाबाई घराबरोबरच येतात. कपाटं, पलंग आणि चांगुणाबाई.”

बाई हसल्या नाहीत. येसूनं परातीतून मान वर केली आणि परत खाली घातली.

मग ते सगळे व्हरांड्यात बसले. मी सरबत घेऊन गेले तेव्हा कळलं की त्यांना इथे शाळेच्या मुलांची शिबिरं भरवायची आहेत. आठवी-नववीची मुलं, चाळीस-चाळीसच्या तुकड्या. झाडं, पाखरं, डोंगर. आणि काळघळ. त्या घळीबद्दल बाईंनी कुठे तरी वाचलं होतं. दोन कड्यांच्या मधली ती अरुंद वाट, वर बघितलं तर आभाळाची फक्त एक चिरोटी दिसते, तिथून मुलांना न्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी सरळच विचारलं की घळ सुरक्षित आहे ना.

भाऊसाहेब म्हणाले, “बारा महिने. एकतीस वर्षांत कुणाला साधं खरचटलेलं नाही.”

माझ्या हातात सरबताचं तबक होतं. ते हललंसुद्धा नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी आत आले आणि येसूला म्हटलं, पानं मांडू या.

जेवणघर स्वयंपाकघराला लागूनच. मधल्या दाराला कवाड नाही, नुसता पडदा, आणि तो मी आदल्या दिवशी धुवायला काढला होता. मासवडी, रस्सा, नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, काळभाताचा वाफाळता भात. सगळे मन लावून जेवायला लागले. दोन घास झाल्यावर भाऊसाहेबांनी मला खूण केली. “चांगुणाबाई, आमच्या घराचा इतिहास सांगा ना पाहुण्यांना.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि सांगायला लागले.

इंजिनिअरची गोष्ट सांगितली. त्याच्या मडमेला पावसाचा इतका उबग आला की तिनं एका श्रावणात सगळ्या खिडक्यांना आतून चादरी लावून टाकल्या. वाघाची सांगितली, व्हरांड्यातल्या आरामखुर्चीखाली येऊन झोपलेल्या, आणि ती खुर्ची ओढायला गेलेल्या आमच्या आज्याची. तरुण पोरं हसत होती. भाऊसाहेब प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते, जणू वाघ त्यांनीच पाळला होता. मग त्यांनी घर घेतलं ते मी सांगितलं, पहिले पाहुणे आले ते सांगितलं, आणि मी न थांबता पुढे म्हणाले, “आणि मग घर सुरू झाल्याला बारा वर्षं झाली, त्या भादव्यात ठाण्याची चार माणसं आली.”

भाऊसाहेब म्हणाले, “चांगुणाबाई, भात आणा.”

“आणते. चौघंही पंचविशी-तिशीतले. त्यांना घळ बघायची होती. आमच्या गावात मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत घळीत कुणी उतरत नाही. वर डोंगरावर कुठे पाऊस पडतो ते खाली कळत नाही, आणि पाणी येतं ते एकदम येतं. पाहुण्यांना घळ दाखवायचं काम माझा भाऊ करायचा. लहानू त्याचं नाव.”

सबनीसबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

भाऊसाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पडदा नसलेल्या दाराकडे पाहिलं, आणि एखाद्या लहान पोराला समजवावं तशा सुरात म्हणाले, “चांगुणा, येसू आत आहे.”

माझ्या-त्यांच्यात एकोणीस वर्षं जे बोललं गेलं नव्हतं ते या तीन शब्दांत होतं. ते निर्धास्त होते. माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली आत भाकऱ्या थापत बसली आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर त्यांनी मला इतकी वर्षं घरात ठेवून घेतलं होतं.

मी म्हणाले, “म्हणूनच तिला बोलावलंय.”

आतला थापण्याचा आवाज थांबला.

मग मी सगळं सांगितलं. सकाळी लहानू स्वयंपाकघराच्या दारात आला होता. पागोट्याचं पाणी पिळत होता. भाऊसाहेबांना म्हणाला की वरच्या अंगाला ढग काळा आहे, आज घळीत उतरायचं नाही, उद्या बघू. भाऊसाहेब म्हणाले, पाहुणे उद्या जाणार आहेत, मी त्यांना शब्द दिलाय. लहानूनं परत नको म्हटलं. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “जातोस तर जा, नाही तर उद्यापासून येऊ नकोस.” मी चुलीपुढे होते, हात पिठात, त्यांच्यापासून चार पावलांवर. लहानूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, जा बाबा, लवकर परत या.

दुपारी पाणी आलं. लहानूनं तिघांना कड्याच्या कपारीत वर चढवलं. चौथ्याचा हात त्याच्या हातात होता. सुटला. दुसऱ्या दिवशी खाली धरणाच्या पाण्यात सापडला. त्याचा बाप आला होता. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो मुलाच्या बुटातली वाळू काढत होता.

सबनीसांनी त्यांच्यासमोरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही.

“पोलीस आले तेव्हा भाऊसाहेबांनी सांगितलं की मी घळीत जायला मनाई केली होती, लहानूनं बक्षिसीच्या लोभानं पाहुण्यांना परस्पर नेलं.”

मेधाबाई भाऊसाहेबांकडे वळल्या. “हे खरं आहे?”

भाऊसाहेबांनी नॅपकिननं तोंड पुसलं. त्यांना अजून वाटत होतं की हातात एक हुकमाचं पान आहे. म्हणाले, “कोर्टात निकाल लागलेला आहे बाई. आणि साक्ष कुणाची होती विचारा हिला. शपथेवर काय सांगितलंस ते सांग की चांगुणा. तेव्हा खोटं बोललीस का आता बोलतेस?”

“तेव्हा,” मी म्हणाले.

मी दाराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं तोंडातून आलं नसतं.

“साक्ष माझी होती. भाऊसाहेबांनी मला इथेच, याच खोलीत बसवून समजावलं. म्हणाले, लहानूवर आलं तर थोडा दंड होईल, वकील मी देतो, महिन्याभरात विसरून जातील लोक. माझ्यावर आलं तर या घराला टाळं लागेल, मग तू कुठे जाशील, तो कुठे जाईल? मी आधी पोलिसांपुढे सांगितलं, मग कोर्टात सांगितलं. साहेब नको म्हणत होते, माझा भाऊ ऐकला नाही, असं. लहानू पिंजऱ्यात उभा होता. त्यानं मान वर केली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिला. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली.”

येसू तेव्हा माहेरी होती, बाळंतपणासाठी. तारखांना मीच जायचे, गावातलं दुसरं कुणी नसायचं. तिला आम्ही सांगितलं की भाऊसाहेबांनी खोटी साक्ष दिली, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला. ते खोटंही नव्हतं, अर्धंच खरं होतं. मी लहानूला तुरुंगात भेटायला गेले तेव्हा माफी मागायची म्हणून घोकत गेले होते. त्यानं मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, “आक्का, येसूला सांगू नको. तिला कळलं तर ती तुझ्या दारात पाऊल ठेवायची नाही. आणि तुला दुसरं कोण आहे?”

तो सुटून आला. गावानं त्याला नाव ठेवलं, बक्षिसीसाठी माणूस घळीत घातला म्हणून. पाहुणे दाखवायचं काम गेलं, मजुरीलाही कुणी बोलवेना. ज्याला पावलापावलावर ओळखीचं कुणी भेटायचं तो माणूस घरातून बाहेर पडेनासा झाला. चौथ्या वर्षी काविळीचं निमित्त झालं. मेला तरी त्यानं बायकोला सांगितलं नाही.

हे सगळं मी त्या जेवणघरात सांगितलं का? नाही. तुरुंगातलं बोलणं मी तेव्हा गिळलं. ते आमच्या दोघांचं होतं, पुण्याच्या लोकांसमोर मांडायचं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं.

आता कुणाला वाटेल की चाळीस पोरांच्या काळजीनं मी तोंड उघडलं. मेधाबाईंनाही तसंच वाटलं. जाताना त्यांनी माझे हात धरले, म्हणाल्या, तुम्ही फार मोठं काम केलंत. पण खरं सांगायचं तर पोरांचं शिबिर मला त्याच दिवशी कळलं, आणि मी तो पडदा आदल्या दिवशीच काढला होता. मला फक्त या माणसाला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं. घर चालत होतं तोवर सांगून काय झालं असतं? पाहुणे आज येतात, उद्या जातात. ऐकून हळहळले असते आणि मासवडी परत मागितली असती. मी थांबले होते ते त्याला काही तरी मनापासून हवं होईपर्यंत. थांबण्यात एकोणीस वर्षं गेली. रोज सकाळी त्याच्या चहात आलं ठेचून घालत मी थांबले. थोडा भित्रेपणाही होता त्यात, नाही असं नाही. येसू सुटेल ही भीती. पण त्यानं फोनवर मुलीला म्हटलं, मी मोकळा झालो, आणि मला कळलं की हा आता जाणार. तिकडे नातवंडांना मांडीवर घेऊन वाघाची गोष्ट सांगणार. धुतल्या तांदळासारखा. मग मला येसूचीही पर्वा उरली नाही. रागानं माणूस किती आंधळं होतं ते मी स्वतःवरून सांगते.

मी बोलायची थांबले तेव्हा येसू दारात उभी होती. तिच्या हातात भाकऱ्यांची दुरडी होती. तिनं ती टेबलावर ठेवली, पाहुण्यांच्या मधोमध, नीट. मग मोरीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. पदराला पुसले. मागच्या दारानं बाहेर पडली. मी तिच्या मागे गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

पाहुणे पाच मिनिटांत उठले. भात तसाच राहिला. गाडीचा आवाज खालच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. भाऊसाहेब खुर्चीवरून हलले नाहीत. बसल्याबसल्याच म्हणाले, “काय मिळवलंस तू? भावजयही गेली, नोकरीही गेली. काय मिळवलंस?”

“तुम्ही इथेच राहणार,” मी म्हणाले. “मला तेवढंच हवं होतं.”

ते हसायला गेले. “हे काय एकच गिऱ्हाईक आहे?”

मी ताटं उचलली, घासली, पालथी घातली. मग माझी ट्रंक घेऊन खाली बापाच्या खोपटात राहायला गेले.

येसूकडे मी तिसऱ्या दिवशी गेले. ती ओट्यावर बसली होती, पोर तालुक्याला कॉलेजात गेली होती. मी अंगणात उभी राहिले. तिनं मला वर ये म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “त्यांना ठाऊक होतं?”

“त्याच्यासमोरच बोलले ना मी कोर्टात.”

“आणि मला सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं? तुम्ही?”

हो म्हणावं, असं माझ्या मनात आलं. लहानूचं नाव तरी स्वच्छ राहिलं असतं तिच्यापाशी. पण मला आता खोट्याचा कंटाळा आला होता. मी तिला तुरुंगातलं बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा बघून मला वाटलं की घळीतलं पाणी असंच येत असेल, वरून काही कळत नाही.

ती म्हणाली, “म्हणजे शेवटपर्यंत तो तुमचाच भाऊ राहिला. माझा नवरा झालाच नाही.” मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तिनं मला वन्सं म्हणून हाक मारली नाही. कसलीच हाक मारली नाही.

मला वाटलं होतं की माझा सूड तिथे संपला. भाऊसाहेबांनाही तसंच वाटलं असणार. गिऱ्हाइकं येतच होती. फाटकावर पाटी लागली, ‘विकणे आहे’, मोठ्या लाल अक्षरांत. पण ‘निवांत’ला यायचं म्हणजे खालच्या रस्त्यानं, एस.टी.च्या थांब्यावरून वर वळावं लागतं, आणि तिथे येणारा जाणारा वाट विचारायला थांबतोच. पुढच्या उन्हाळ्यात येसूनं त्या वळणावर चहाची टपरी टाकली.

मला आधी अर्थ कळला नाही. मग नाशिकचा एक हॉटेलवाला येऊन टपरीवरूनच माघारी गेल्याचं कानावर आलं. त्यानंतर पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक. नंतर कुठल्या तरी आश्रमाची माणसं, ती तर जागा पसंत करून गेली होती, परत येताना चहाला थांबली. येसू काही ओरडून सांगत नाही, कुणाला अडवत नाही. चहा उकळत असतो, पाहुणे विचारतात की वरचं घर कसं आहे हो, आणि ती सांगते. इंजिनिअरपासून सुरुवात करते. गोष्टी तिनं माझ्याच तोंडून ऐकल्या होत्या त्या दिवशी, आतून, पीठ मळताना. मडम सांगते, वाघ सांगते, मग भादवा सांगते. जे बोलले ते, जसं बोलले तसं. एका दलालाला भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाठवलं, तिच्या पोरीच्या शिक्षणाचं बघतो म्हणून. तिनं त्याला चहा दिला आणि इतिहासही ऐकवला. तो परत वर गेला नाही.

भाऊसाहेबांची मुलगी दोनदा येऊन गेली. घर राहू द्या, तुम्ही चला म्हणाली. ते गेले नाहीत. जे काही होतं ते या घरात घातलेलं, मुलीच्या दारात रिकाम्या हातानं जाऊन बसणार नाही म्हणाले. हट्टी माणूस. त्यांचा हट्टच आमच्या उपयोगी पडला. आता ऐंशी ओलांडली. एक म्हातारा गडी डबा आणून देतो. दिवसभर व्हरांड्यात बसलेले असतात, खालच्या रस्त्यावरून ते स्पष्ट दिसतात.

गेल्या महिन्यात मला डोळे दाखवायला तालुक्याला जायचं होतं. मी थांब्यावर उभी होते, टपरीपासून दहा पावलांवर. येसू आणि मी अशा जवळ आलो की एकमेकींकडे बघत नाही, त्याची आता सवय झाली आहे. एक पांढरी गाडी थांबली. तिशीची एक मुलगी आणि तिचे वडील उतरले. चहा मागितला, वरच्या घराची जाहिरात वाचली होती म्हणाले. येसूनं पातेल्यात साखर टाकली आणि इतिहास सुरू केला.

मी पहिल्यांदाच तो अख्खा ऐकत होते. ती छान सांगते. माझ्यापेक्षा छान. लहानूनं ढग बघितला ते सांगताना तिनं स्वतः मान वर करून डोंगराकडे पाहिलं, आणि बापलेकीनंही पाहिलं. मग कोर्ट आलं. “आणि साक्ष दिली ती त्याच्या सख्ख्या बहिणीनं,” ती म्हणाली. “त्यानं जिला बायकोच्या वर धरलं, तिनं.”

मुलीनं विचारलं, “ती बहीण आहे का अजून?”

“आहे ना. ती काय, एस.टी.ची वाट बघत उभी आहे.”

ती दोघं वळली. ती मुलगी इतकी गोंधळली की तिला नजर कुठे ठेवावी कळेना. मी माझी नजर खाली घेतली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, “ती सांगते ते सगळं खरं आहे.”

त्यांनी चहा अर्धा ठेवला. गाडी वर गेली नाही, तिथेच वळली. गाडीचा आवाज ऐकून भाऊसाहेब व्हरांड्यात उठून उभे राहिले होते, कठड्याला धरून. गाडी परत जाताना दिसली तसे थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग हळूहळू, एक हात मागे चाचपत, खुर्चीत बसले.

येसू हातातलं फडकं तसंच धरून वर बघत होती. मी पण बघत होते. सात वर्षांत आम्ही दोघींनी मिळून केलेली ही एवढी एकच गोष्ट. मग माझी एस.टी. आली.